काउंटीचं नर्सिंग होम: विकायचं की ठेवायचं? (विस्कॉन्सिन)

ओसरी (धागाकर्ती)

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या बऱ्याच काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) गेली काही वर्षं एकच वाद फिरतोय आणि आता तो आमच्याकडे आला आहे. काउंटीच्या मालकीचं नर्सिंग होम चालू ठेवायचं, की खाजगी कंपनीला विकून मोकळं व्हायचं? ठराव अजून समितीत आहे, काउंटी बोर्डापुढे आलेला नाही.

मराठी मंडळींचा सूर बहुतेक "आपला काय संबंध" असाच दिसतो. संबंध प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर छापलेला असतो, काउंटीच्या ओळीत. शिवाय इथेच म्हातारे होणारे आपणही आहोत.

"आमच्या आजोबांना तिथे किती छान ठेवलं" छापाची भाषणं सभेत भरपूर होतात. इथे मला कोरडी माहिती हवी आहे: तोटा म्हणतात तो खरा किती, विक्रीला घातलेल्या अटी टिकतात का, आणि मतदाराच्या हातात नक्की काय आहे. विक्रीच्या बाजूचेही लिहा. फक्त विदा घेऊन या.

हिशेबनीस

तोट्यापासून सुरू करतो, कारण सगळा वाद त्या एका आकड्यावर उभा असतो आणि तो आकडा सहसा अर्धवट वाचलेला असतो.

नर्सिंग होममध्ये पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट मेडिकेअर (केंद्राचा, मुख्यतः ६५ वरच्यांचा आरोग्य विमा). हॉस्पिटलात सलग तीन दिवस इनपेशंट म्हणून राहिल्यावर फार तर १०० दिवस. पहिले २० दिवस पूर्ण, २१ ते १०० या दिवसांत रोजचे २०९.५० डॉलर (२०२५चा दर) रुग्णाच्या गळ्यात. दर चांगला, पण माणूस लवकर जातो. दुसरी वाट स्वतःच्या खिशातून भरणारे. तिसरी मेडिकेड (कमी पुंजीवाल्यांसाठी केंद्र आणि राज्याची मिळून योजना), म्हणजे ज्यांची पुंजी संपत संपत २,००० डॉलरच्या आत आली ते. वर्षानुवर्षं राहणारे बहुतेक या तिसऱ्या वाटेचे, आणि मेडिकेडचा दर खर्चापेक्षा कमी असतो. तूट इथे जन्मते.

समजायला सोपे आकडे घेतो (हे कुठल्या एका होमचे नाहीत). लायसन्स १०० खाटांचं, भरलेल्या ८०, त्यातले ५० जण मेडिकेडवर. माणशी रोजचा खर्च ३८० डॉलर, मेडिकेडचे मिळतात ३००. ८० गुणिले ५० गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला १४.६ लाख डॉलरची तूट. ही तूट खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

आता बोर्डाच्या कागदावर याच्यापुढे काय काय चिकटतं ते बघा.

घसारा: इमारतीचा घसारा तोट्यात धरलेला असतो, पण त्या वर्षी तेवढी रोकड कोणी कोणाला दिलेली नसते. तोटा "घसाऱ्यासह" की "घसाऱ्याशिवाय", हा पहिला प्रश्न विचारा.

काउंटीचे वरकड खर्च: एचआर, आयटी, वकील, इमारत देखभाल यांचा ठरावीक हिस्सा होमच्या नावे टाकला जातो. होम विकलं म्हणून काउंटीचा आयटीवाला घरी जात नाही. तो हिस्सा उद्या शेरीफ आणि रस्ते खात्याच्या माथी जाईल. म्हणजे विक्रीने "वाचणाऱ्या" रकमेतून हा भाग आधी वजा करा.

केंद्राचा वाटा: हा सर्वांत विसरला जातो. सरकारी होमचा मेडिकेडमधला न भरून निघालेला खर्च काउंटी प्रमाणित करून देते आणि त्यावर केंद्राचा हिस्सा मिळतो. विस्कॉन्सिनसाठी मेडिकेडमध्ये केंद्राचं प्रमाण साधारण ६० टक्के आहे. खाजगी मालकाला असा खर्च प्रमाणित करता येत नाही. विकल्याच्या दिवशी हे पैसे बंद. होमच्या जमाखर्चात ही रक्कम कुठे दाखवली आहे, की काउंटीच्या सर्वसाधारण निधीत वळती केली आहे, हे नक्की बघा.

टोणगा

चला, विरोधी बाकावर मी बसतो.

१. काउंटीने करायची कामं ठरलेली आहेत: रस्ते, तुरुंग, कोर्ट, बालसंरक्षण. नर्सिंग होम चालवणं कायद्याने सक्तीचं नाही. देशात पंधरा हजारांच्या आसपास नर्सिंग होम्स आहेत, त्यातली सरकारी मूठभर. बाकीच्यांत माणसं राहतातच की.

२. म्हाताऱ्यांना नर्सिंग होम नकोच असतं. फॅमिली केअर या राज्याच्या मेडिकेड कार्यक्रमातून घरी मदतनीस मिळतो, असिस्टेड लिव्हिंग मिळतं. रिकाम्या खाटा उगाच रिकाम्या नाहीत.

३. टॅक्स वाढला की तो पेन्शनवर जगणारी, स्वतःच्या घरात राहणारी म्हातारी माणसंही भरतात. एका म्हाताऱ्यासाठी दुसऱ्या म्हाताऱ्याच्या खिशात हात.

४. पंचवीस-तीस सुपरवायझर (काउंटी बोर्डाचे निवडून आलेले सदस्य), त्यातले बहुतेक शेतकरी, शिक्षक, निवृत्त. महिन्यातून एकदा भेटून हे लोक हॉस्पिटलसारखा धंदा चालवणार?

हिशेबनीस

@टोणगा, चौथ्या मुद्द्याशी बराच सहमत, त्यावर खाली लिहितो. तिसऱ्याला आकडा लावू. समजा लेव्ही (काउंटीने गोळा करायचा एकूण प्रॉपर्टी टॅक्स) २० लाखांनी वाढवायची आणि काउंटीचं समीकृत मूल्यांकन (सगळ्या मालमत्तेचं बाजारभावाने मूल्य) १,००० कोटी डॉलर आहे. हजारी २० सेंट. साडेतीन लाखांच्या घराला वर्षाला ७० डॉलर. जास्त की कमी ते ज्याने त्याने ठरवावं, पण सभेत "टॅक्स भडकणार" म्हणणाऱ्याला हा भागाकार करायला लावा.

रिकाम्या खाटांचं: खाट रिकामी म्हणजे मागणी नाही, हे दर वेळी खरं नसतं. माणसं नाहीत म्हणून एक विंग बंद ठेवलेली असते आणि दाराशी प्रतीक्षायादी असते. विंग बंद केली की बॉयलर, स्वयंपाकघर, रात्रपाळीची नर्स, प्रशासक यांचा खर्च तेवढाच राहतो. वरच्याच उदाहरणात ६० टक्के खर्च स्थिर धरला, तर ८० माणसं असताना तो माणशी रोज २२८ डॉलर पडतो, ६५ माणसांवर २८१. म्हणजे काहीही न बिघडता खर्च ३८० वरून ४३३ वर. मग बोर्ड म्हणतं तोटा वाढला, आणखी एक विंग बंद करा. याला आमच्याकडे आगीत तेल म्हणतात.

त्यात विस्कॉन्सिन प्रत्येक लायसन्स असलेल्या खाटेमागे महिना १७० डॉलर आकारतं, खाट भरलेली असो वा नसो. २० कायमच्या रिकाम्या खाटा म्हणजे वर्षाला ४०,८०० डॉलर पाण्यात. खरंच लागणार नसतील तर त्या खाटा लायसन्समधून कमी करून घ्या. पण पूर्ण विचाराने, कारण परत मिळवणं सोपं नाही.

रानजाई

मनुष्यबळाचा उल्लेख आला, म्हणून "माणशी रोज किती तास" या मोजमापाबद्दल लिहिते. वादात हा आकडा दोन्ही बाजू वापरतात.

केंद्राने २०२४ मध्ये नियम आणला होता: माणशी रोज ३.४८ तास शुश्रूषा, त्यात ०.५५ तास आरएनचे (नोंदणीकृत नर्स), २.४५ तास सीएनएचे (प्रमाणित मदतनीस), आणि आरएन चोवीस तास हजर. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या फेडरल कोर्टाने त्याचा गाभा रद्द केला आणि त्याच वर्षी जुलैतल्या केंद्राच्या मोठ्या कायद्याने अंमलबजावणी २०३४ पर्यंत गोठवली. त्यामुळे सध्या राज्याचा जुना किमान आकडा उरतो. विस्कॉन्सिनमध्ये स्किल्ड केअरला तो रोज २.५ तास आहे, त्यात अर्धा तास आरएन किंवा एलपीएनचा (आरएनच्या खालची परवानाधारक नर्स). २.५ आणि ३.५ मधला एक तास म्हणजे काय, ते सकाळच्या पाळीत दिसतं.

सकाळी साडेसहा ते साडेआठ. सीएनए एक, माणसं दहा, सगळ्यांना न्याहारीला बसवायचं. १२० मिनिटं, माणशी १२. त्यात दोघं स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत, त्यांना होयर लिफ्ट (माणसाला झोळीत, म्हणजे स्लिंगमध्ये, उचलणारं यंत्र) लागते. लिफ्टला बहुतेक ठिकाणी दोन माणसांचा नियम असतो, म्हणजे शेजारच्या विंगमधली सीएनए बोलवायची, तिची दहा माणसं तोवर बेल दाबत बसणार. स्लिंग अंगाच्या मापाची हवी; मोठी असली तर माणूस खालून घसरतो, लहान असली तर मांडीत रुतते. बॅटरी रात्री चार्जरवर लावायला कोणी विसरलं असेल तर लिफ्ट अर्ध्यात थांबते. माणसं कमी असली की नेमका दोघांचा नियम मोडतो, आणि पडझड तिथे होते. दुसरी गळती कुशी बदलण्यात. जोखीम असलेल्यांना साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं. रात्रपाळीत एक फेरी चुकली तर दिसत नाही, आठवड्यात चार चुकल्या तर माकडहाडावर लाल चट्टा दिसतो. तो उघडला की बरा व्हायला महिने.

म्हणून सरासरी बघू नका. केअर कम्पेअर या मेडिकेअरच्या संकेतस्थळावर शनिवार-रविवारचे तास वेगळे दिलेले असतात आणि वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले तेही. विकत घ्यायला आलेल्या कंपनीच्या प्रत्येक होमचे हे दोन आकडे काउंटीच्या आकड्यांशेजारी ठेवा. पगारपत्रकावरून भरलेली माहिती असते, त्यात थापा मारायला वाव कमी.

हिशेबनीस

+१. आणि एजन्सी, म्हणजे तात्पुरती माणसं पुरवणारी कंपनी. स्वतःची सीएनए लाभ धरून ताशी समजा ३० डॉलरला पडते, तर एजन्सीची ४५-५० ला. काउंटी पगारात तासाला दोन डॉलर वाढवायला तीन महिने समित्या फिरवते आणि तेवढ्यात एजन्सीला त्याच्या कित्येक पट देऊन बसते. टोणग्याचा चौथा मुद्दा इथे बरोबर आहे. मालकी सरकारी असण्यात दोष नाही, पगाराचा प्रत्येक निर्णय पूर्ण बोर्डापुढे नेण्यात आहे. होमसाठी वेगळी कार्यकारी समिती नेमून ठरावीक मर्यादेत पगार, दर आणि खरेदी ठरवायचे अधिकार दिले तर हा खोळंबा कमी होतो.

दुसरी गळती मेडिकेडचे प्रलंबित अर्ज. माणूस दाखल झाला, अर्ज टाकला, पण ६० महिन्यांची बँक स्टेटमेंटं कोणी आणून दिली नाहीत. मंजुरी लटकली, बिल लटकलं. रोजचे ३०० धरले तर सहा महिन्यांत एका माणसामागे ५४,६०० डॉलर. असे दहा असले की साडेपाच लाख अडकले, आणि बोर्डाला दिसतो "रोकड तुटवडा". यावर उपाय कंटाळवाणा आहे: दाखल होण्याच्या दिवशी कागदांची यादी हातात, आणि फक्त याच कामाला एक माणूस. त्याचा पगार तो दोन-तीन अर्जांत भरून काढतो.

सातारी_तडका

एजन्सी म्हणजे आपल्याकडचं रोजंदारीवरचं ट्रॅक्टर. स्वतःचा घ्यायला पैसे नाहीत म्हणून भाड्यात दोन ट्रॅक्टरचे पैसे घालवायचे :)

कायदेपंडित_नाही

लेव्हीचा कायदेशीर भाग, कारण इथे लोकांचा गोंधळ होतो.

विस्कॉन्सिनमध्ये काउंटी मनाला येईल तेवढी लेव्ही वाढवू शकत नाही. वाढ निव्वळ नवीन बांधकामाच्या टक्केवारीएवढीच. त्यापलीकडे जायचं तर सार्वमत, कलम ६६.०६०२(४). महागाई पाच टक्के, नवं बांधकाम दीड टक्का, अशा वर्षी प्रत्येक खातं दुसऱ्याच्या ताटातलं ओढतं. नर्सिंग होम विकायची भाषा या चिमट्यातून येते, कोणी दुष्ट आहे म्हणून नाही.

गंमत पुढे आहे. काउंटीच्या कर्जाचे हप्ते या मर्यादेबाहेर आहेत. म्हणजे छप्पर, बॉयलर, नवी विंग यांसाठी कर्ज काढता येतं (बोर्डाच्या तीन चतुर्थांश सदस्यांची मतं मिळवून), पण त्या विंगमध्ये नर्स ठेवायला पैसे वाढवता येत नाहीत. घर बांधायला कर्ज मिळतं, चूल पेटवायला नाही. त्यामुळे "नवी इमारत बांधली की प्रश्न सुटला" म्हणणाऱ्यांपासून सावध.

आणि टोणग्याच्या पहिल्या मुद्द्याला पुरवणी. होम चालवणं सक्तीचं नाही हे बरोबर. पण राज्याच्या कायद्यातल्या प्रकरण ५५ खाली, ज्यांना स्वतःचा सांभाळ करता येत नाही अशांना कोर्टाच्या आदेशाने सुरक्षित ठिकाणी ठेवण्याची जबाबदारी काउंटीचीच आहे. डिमेन्शियासोबत मारकुटेपणा असलेला माणूस, किंवा साडेतीनशे पौंड वजनाचा माणूस, खाजगी होम "आमच्याकडे सोय नाही" म्हणून नाकारू शकतं. स्वतःचं होम नसलं की काउंटीचा सोशल वर्कर राज्यभर फोन फिरवतो, आणि दर समोरचा ठरवतो. विक्रीच्या अहवालात हा खर्च शून्य धरलेला असेल तर तो अहवाल परत पाठवा.

उंबरठा

अटी टिकतात का, याचं उत्तर इलिनॉयमधल्या शँपेन काउंटीत आहे. अर्बाना-शँपेन म्हणजे विद्यापीठाचं गाव, इथले बरेच जण तिथून गेलेले असतील.

काउंटीचं २४३ खाटांचं होम, इमारत २००७ची, म्हणजे जुनाट अजिबात नाही. वर्षानुवर्षं रोकडीची ओढाताण. ४ एप्रिल २०१७ला मतदारांपुढे दोन प्रश्न एकदमच ठेवले: होमसाठी प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचा का, आणि बोर्डाला होम विकायची मुभा द्यायची का. पहिल्याला नाही, दुसऱ्याला हो. २०१९ मध्ये १.१ कोटी डॉलरला विक्री झाली. अट घातली होती की २०२८ अखेरपर्यंत ते नर्सिंग होम म्हणूनच चालवायचं. चार वर्षांच्या आत इमारतीत एकही रहिवासी उरला नाही आणि करार पाळायला लावण्यासाठी काउंटीला कोर्टाची पायरी चढावी लागली.

इथे बोध घ्यायचा तो अटीच्या स्वरूपाचा. "नर्सिंग होम म्हणून चालवेन" हे वचन मोडल्यावर कोर्ट काय करणार? इमारतीचा दुसरा वापर थांबवू शकतं. नर्स आणू शकत नाही. रिकामं नर्सिंग होम कागदावर नर्सिंग होमच असतं.

टोणगा

हे उदाहरण माहीत होतं, मान्य. पण त्याच मतदारांनी टॅक्सला नाही म्हटलं हेही लिहा मोठ्या अक्षरात. पैसे द्यायचे नाहीत आणि विकायचंही नाही, असं दोन्ही कसं चालेल? आणि विकायचंच ठरलं तर अटी घालायच्याच नाहीत का मग?

उंबरठा

घालायच्या, पण दात असलेल्या. करारात हे शोधा, नसेल तर सभेत वाचून दाखवा:

खरेदीदार कोण? बहुतेक वेळा सही करते ती त्याच कामापुरती काढलेली एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी). तिच्या नावावर काही नसतं. मुख्य कंपनीची किंवा मालकांची वैयक्तिक हमी हवी. खरेदीदार दोन असतात हेही लक्षात ठेवा: जमीन-इमारत एका एलएलसीकडे, लायसन्स आणि कामकाज दुसरीकडे. अट जर फक्त इमारतवालीवर असेल तर कामकाजवाली हात झटकते.

किमतीचा काही भाग, समजा दहा टक्के, तिसऱ्या पक्षाकडे अडकवून ठेवायचा आणि वर्षागणिक सोडायचा. अट मोडली तर रोजच्या हिशेबाने ठरलेली नुकसानभरपाई. "योग्य ती भरपाई" असं मोघम लिहिलं की वकिलांची दिवाळी.

अट मोजता येईल अशी लिहायची. "मेडिकेडवरच्यांना प्रवेश देऊ" हे बिनकामाचं. "दर तिमाहीला किमान इतके रहिवासी, त्यातले किमान इतके टक्के मेडिकेडवर, माणशी रोज किमान इतके तास, आणि याचा अहवाल काउंटीला" असं हवं. काउंटीला परत विकत घेण्याचा पहिला हक्क, आणि हे सगळं रजिस्टर ऑफ डीड्सकडे (मालमत्तेचे दस्त नोंदणारं कार्यालय) नोंदवलेलं, म्हणजे पुढच्या खरेदीदारालाही लागू.

एवढ्या अटींवर खरेदीदार भाव पाडणार हे उघड आहे. पाडू दे. पडलेला भाव म्हणजे त्या वचनांची खरी किंमत, आणि मग ती रक्कम "ठेवायचं" या पर्यायाशेजारी लिहून तुलना करता येते.

कारकून

खरेदीदाराची चौकशी घरबसल्या होते, सरकारी कागद उघडे आहेत.

मालकीची माहिती: सीएमएस (मेडिकेअर-मेडिकेड चालवणारी केंद्रीय संस्था) नर्सिंग होम्सच्या मालकांची नावं २०२२ पासून जाहीर करतं. एका नावाखाली किती होम्स आहेत ते काढा.

तपासणी अहवाल: फॉर्म २५६७. प्रत्येक त्रुटीला ए ते एल असं अक्षर असतं. जी म्हणजे एखाद्या रहिवाशाला प्रत्यक्ष इजा, जे-के-एल म्हणजे जिवाला तातडीचा धोका. डी ची लांबलचक यादी बघून घाबरू नका, ती सगळ्यांकडे असते. जी आणि पुढची अक्षरं मोजा, आणि विकत घेण्याआधीची व नंतरची वेगळी मोजा.

खर्चाचा अहवाल: प्रत्येक होम मेडिकेअरला दरवर्षी देतं. त्यातला ए-८-१ हा तक्ता बघा. मालकाच्याच दुसऱ्या कंपन्यांना भाडं, व्यवस्थापन, थेरपी यापोटी किती गेले ते तिथे दिसतं. होम "तोट्यात" आणि मालकाची भाडं घेणारी कंपनी नफ्यात, ही जुनी युक्ती आहे.

प्रायव्हेट इक्विटीचा (मोठ्या गुंतवणूक फंडांच्या मालकीचा) मुद्दा सभेत निघतोच. २०२१च्या एका अभ्यासात अशा मालकीखाली मेडिकेअरच्या अल्पमुदतीच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे १० टक्क्यांनी जास्त आढळले, तो खरा आहे. पण काउंटीची होम्स घ्यायला येणारे बहुतेक मोठे फंड नसतात. छोटी कुटुंबं, दोन-चार भागीदार, एलएलसी. तो अभ्यास त्यांच्यावर चिकटवला तर समोरचा वकील दोन मिनिटांत खोडेल. त्यांच्या स्वतःच्या होम्सचे कागद जास्त बोलतात.

काउंटीकडून माहिती अधिकारासारख्या ओपन रेकॉर्ड्स कायद्याखाली हे मागा: पाच वर्षांचे खर्च अहवाल, दरमहा रहिवासी संख्या पैशाच्या वाटेनुसार, येणेबाकी किती दिवसांची, एजन्सीची बिलं, इमारतीचा दुरुस्ती आराखडा, वरकड खर्च वाटपाचा तक्ता. प्रश्न मोघम विचारला की उत्तर मोघम. कागदाचं नाव आणि वर्ष लिहा.

(अवांतर: ही होम्स मुळात पुअर फार्म, गरिबांना ठेवायची काउंटीची शेतं. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने सरकारी संस्थांत राहणाऱ्यांना वृद्ध मदत नाकारली, ती नेमकी पुअर फार्मं बंद पडावीत म्हणून. म्हातारे खाजगी बोर्डिंगांत गेले आणि आजच्या खाजगी नर्सिंग होम धंद्याची मुळं तिथे रुजली.)

सातारी_तडका

मूळ "आपला काय संबंध" वाल्यांचा प्रश्न मीच विचारतो. ग्रीन कार्डवरच्या आईवडिलांना काउंटीच्या होमचा काही उपयोग आहे का? आणि तिथे वरण-भात मिळणार का?

रानजाई

पैशाचं आधी. होम काउंटीचं आहे म्हणून पात्रतेचे नियम बदलत नाहीत. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून साधारण पहिली पाच वर्षं दीर्घकालीन काळजीसाठी मेडिकेड मिळत नाही. पाच वर्षांनंतरही एफिडेव्हिट ऑफ सपोर्टवर (आईवडिलांच्या खर्चाच्या हमीवर) सही करणाऱ्या मुलाचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. मेडिकेअर ६५ नंतर, सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर विकत घेता येतं; इथे काम केलेलं नसेल तर २०२५चा हप्ता भाग ए चा महिना ५१८ आणि भाग बी चा १८५ डॉलर. मुलाने भरलेल्या टॅक्सचे मेडिकेअरसाठीचे क्रेडिट आईवडिलांना मिळत नाहीत, हा फार पसरलेला गैरसमज आहे. आणि मेडिकेअर घेतलं तरी वर लिहिलेले १०० दिवसच, कायमचं राहणं नाही. व्हिजिटर व्हिसावरच्यांना दोन्ही नाही. त्या काळात खाजगी दराने भरणं एवढंच.

मेडिकेड मिळायला लागल्यावर मात्र खाट कोण देतो हा प्रश्न येतो, आणि तिथे काउंटीचं होम असणं-नसणं जाणवतं.

जेवण: केंद्राच्या नियमानुसार मेन्यूत रहिवाशांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक गरजा धरायच्या असतात, आवडीनिवडीही. "शाकाहारी" एवढंच लिहून भागत नाही. सूपमध्ये चिकनचं पाणी, जेलोत जिलेटिन, मॅश्ड पोटॅटोत मांसाची ग्रेव्ही येते. दाखल होताना केअर प्लॅनमध्ये एकेक पदार्थ नावानिशी लिहून घ्यायचा. गिळायला त्रास असेल तर आहाराची पातळी ठरते. चौथी पातळी म्हणजे पूर्ण गुळगुळीत. खिचडी त्यात बसते, पण मिक्सरमधून काढून, मोहरी-कढीपत्ता गाळून, आणि चिकट होऊ न देता. भात थंड झाला की गोंद होतो. गरम पाणी आणि तूप घालून सैल करायची. चमचा तिरका केला की गोळा सबंध खाली पडला पाहिजे, चमच्याला चिकटून राहिला तर घशातही चिकटणार.

टोणगा

गाळलेल्या खिचडीपुढे माझा विरोध मावळला असं समजू नका :) पण एक कबूल, वरकड खर्च आणि केंद्राचा वाटा हे दोन आकडे आमच्या विक्रीसमर्थक गटाच्या पत्रकात नाहीत. मागवतो.

ओसरी

सगळ्यांना दंडवत. एक शेवटचा प्रश्न. पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत मे २०११ मध्ये लोकांनी सह्या गोळा करून सार्वमत घडवलं आणि ग्रेसडेल होम पाच वर्षं विकायचं नाही असं ठरवून टाकलं. ते आजही काउंटीचंच आहे. इथे तसं करता येईल का? काही जण सह्यांचे कागद छापून मोकळे झालेत.

कायदेपंडित_नाही

छपाई थांबवा. नॉर्थॅम्प्टनला स्वतःची सनद आहे आणि तिच्यात नागरिकांना ठराव मांडायचा हक्क दिलेला आहे. विस्कॉन्सिनमध्ये असा हक्क देणारं कलम ९.२० फक्त शहरं आणि व्हिलेजना लागू आहे, काउंटीला नाही. कितीही सह्या आणल्या तरी बोर्ड बांधील नाही. सह्यांचा उपयोग दबावापुरता.

बांधील ठरेल असं मतदान बोर्डानेच ठेवावं लागतं, उदा. लेव्ही मर्यादा ओलांडण्यासाठी. केवळ मत अजमावणारं सल्लागार सार्वमत तर २०२३च्या कायद्यानंतर काही अपवाद सोडले तर काउंटीला ठेवताच येत नाही. प्रश्नाचा मजकूर मतदानाच्या किमान ७० दिवस आधी दाखल झाला पाहिजे. उदाहरणार्थ ७ एप्रिल २०२६च्या निवडणुकीसाठी २७ जानेवारी ही शेवटची तारीख, म्हणजे ठराव फार तर जानेवारीच्या बैठकीत, त्याआधी समितीत. ७ एप्रिल २०२६च्या त्याच मतदानात सुपरवायझरांच्या सगळ्या जागांची निवडणूकही.

तोवर बैठकीची विषयपत्रिका दर वेळी बघत जा, ती किमान २४ तास आधी लावावी लागते. "बंद दाराआड चर्चा, १९.८५(१)(ई)" असं कुठे दिसलं तर समजा भावाची बोलणी सुरू झाली. पुढची समितीची बैठक कधी आहे तुमच्याकडे?

ओसरी

येत्या मंगळवारी, साडेपाचला. विषयपत्रिका अजून लागलेली नाही.